कलाबाईंनी बदललेला शेवट

कलाबाई खोटं वाचतात हे मला छप्पन सालच्या कार्तिकात कळलं, आणि मी हादरलेच. पांढुर्ण्याच्या मुलींच्या शाळेतल्या त्या बाई. अर्धा मार्क कधी कुणाला वाढवून दिला नाही. मला तर नाहीच.

शाळा सुटली की त्यांच्या ओसरीवर बायका जमत. शेजारच्या अंबाबाईंनी त्या चातुर्मासात लक्ष वातींचं व्रत धरलं होतं. दहाबारा जणी वाती वळत आणि कलाबाई कादंबरी वाचून दाखवत. भाषेवरून राज्यं फोडायच्या गडबडीत नागपूरहून येणारी मराठी पुस्तकं अडली होती, म्हणून वाचनालयातलं एक जुनंच चालू होतं. यादवांच्या काळातली सरदाराची तरुण विधवा आणि तिच्यावर जीव टाकणारा घोडेस्वार!

एकमत कधीच नसे. “एवढे दागिने घालून घोड्यावर बसते कशी वं ते?” सरला विचारी. कुणी म्हणे, “हे काय बायामाणसांत वाचाचं हाय?” आणि दुसऱ्या दिवशी तीच सगळ्यांच्या आधी हजर. मी ताजी बी.ए. होऊन आलेली. मला सगळा पोरकटपणा वाटे. तरी एक दिवस चुकवला नाही.

अंबाबाईंची विधवा सून रजनी, वय एकोणीस, कोपऱ्यात मान खाली घालून वाती वळे. रामाकोना गावच्या प्रभाकर मास्तरांनी कलाबाईंमार्फत तिला मागणी घातली होती. अंबाबाईंनी ती उडवून लावली. पण शेवटच्या दिवशी घोडेस्वार त्या विधवेशी लग्न करून तिला नर्मदेपार घेऊन गेला, तेव्हा अंबाबाईंनी पदरानं डोळे पुसले. “सुटली बाप्पा पोरगी,” म्हणाल्या. आठ दिवसांत मास्तरांना होकार गेला.

मग मी ते पुस्तक सहज घरी नेलं. शेवटचं पान उघडलं. लग्नबिग्न काही नाही. ती चितेवर चढते, आणि लेखक दीड पान तिची आरती ओवाळतो.

मी थेट शाळेत गेले. “बाई, हे काय?”

“काय म्हणजे? त्या पोरीसमोर चिता वाचू?”

“पण ही लबाडी आहे.”

“आहेच. तू काय वाचलं असतंस, ते सांग.”

मी मूर्ख, हे घरी आईजवळ बोलले. संध्याकाळपर्यंत अंबाबाईंच्या कानावर गेलं.

दुसऱ्या दिवशी ओसरीवर त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर आपटलं. “विजये, तू बी.ए. झाली ना? वाच. जसं लिवलं हाय तसंच.”

मी वाचलं. सगळ्यांचे हात थांबले. अंबाबाई कलाबाईंकडे वळल्या. “मास्तरीण म्हणून भरवसा ठेवला तुमच्यावर! मले फसवून माह्या घरची सून काढून देऊन राहिल्या? नाही होत हे लगन.”

“आत्याबाई,” रजनी म्हणाली. तिचा आवाज त्या ओसरीवर आम्ही पहिल्यांदाच ऐकला. “मी हे गोटमारीच्या दिवशीच वाचलं. तुम्ही सगळ्या दगडफेकीचा तमाशा पाहाले नदीवर गेल्या होत्या. पुस्तक इथंच फळीवर होतं.”

“तुले वाचता येते?”

“माहेरी तिसरी शिकली. ते मरते हे मले ठाऊकच होतं.” तिनं हातातली वात पुरी वळली. “पण तुम्ही त्या दिवशी रडल्या, आत्याबाई, ते कुठं पुस्तकात होतं?”

अंबाबाईंनी सुनेकडे पाहिलं. मग कापसाची टोपली पुढे ओढून म्हणाल्या, “वाती पुऱ्या करा वं. मार्गशीर्षात मले टाइम नाही भेटणार.”

मार्गशीर्षात लग्न होऊन रजनी रामाकोन्याला गेली. अंबाबाई कलाबाईंशी वर्षभर बोलल्या नाहीत, पण वाचन ऐकायला यायच्या.

मी शेवट वाचला त्या संध्याकाळी बायका गेल्यावर कलाबाई ओसरीवर बसून राहिल्या. मला वाटलं, आपलं खोटं उघडं पडलं म्हणून. तसं नव्हतं.

“एवढे महिने ती माझ्यासमोर बसली,” त्या म्हणाल्या. “अन् वाचता येतं का गं तुला, हे मी एकदाही विचारलं नाही. मी! शाळेतली बाई!”