मिलिंदच्या बॅगेतल्या चिठ्ठ्या

मिलिंदला मारत होते तेव्हा मी माझी बॅग पायानं बाकाखाली ढकलत होतो. दीड महिना हे कुणाला सांगितलं नाही... आज सांगतो.

तो चाकूरचा, मी नांदेडचा. दोघंही एमआर, आपापल्या कंपनीचा माल डॉक्टरांकडं खपवणारे. लातूरच्या दवाखान्यांत पेशंटच्या बाकावर बसून डॉक्टरांची वाट बघायची, हाच आमचा धंदा. त्याची कंपनी गुडघ्याचे कृत्रिम सांधे विकायची. टाय बघून आज्या त्यालाच डॉक्टर समजायच्या, गुडघा पुढं करायच्या, आणि हा बाबा खरंच दाबून बघायचा! मग कंपनीनं त्यातल्याच एका दवाखान्याच्या डॉक्टरांना 'सल्लागार' नेमलं, परदेशात फिरवून आणलं. बघता बघता साध्या गोळीवर भागणाऱ्या आज्याही ऑपरेशनच्या टेबलावर जायला लागल्या. मिलिंद मॅनेजरला भिडला, "डॉक्टर आपले पैसे घेतात, एवढं तरी पेशंटला सांगा."

"ते डॉक्टरांनी सांगायचं. आपण फक्त सांधा विकतो."

"मग सल्लागार कुणी नेमला, सांध्यानं?"

मीच त्याला गप्प केलं. म्हणलं, "लई शहाणा होऊ नको, नोकरी जाईल."

पुढं तिथंच ऑपरेशन झालेल्या एका मावशीच्या गुडघ्यात पू झाला, पाय मांडीपासून कापावा लागला. आम्ही बाकावर बसलेलो असतानाच तिची पोरं सळया घेऊन दवाखान्यात घुसली. काचा फुटल्या, सलाइनचा स्टँड टीव्हीत घुसला, कंपाउंडरचे दात फरशीवर पडले. डॉक्टर मागच्या दारानं पसार. "गुडघा कुणाचा होता?" थोरला गरजला. मी मान खाली घातली. मिलिंद उठला.

"आमच्या कंपनीचा. दादा, आधीच सांगायला पायजे होतं, डॉक्टरला आम्हीच..."

पहिली सळई कानावर बसली. मग दुसरी, तिसरी... त्याचं रक्त माझ्या बुटापर्यंत आलं तरी मी बाकावरून उठलो नाही. थू माझ्या जिंदगीवर!

मिलिंद तिथंच गेला. पोरं खुनाच्या गुन्ह्यात जेलमध्ये आहेत. दवाखान्याला नव्या काचा लागल्या, डॉक्टर परत बसायला लागले. कंपनीनं मला फोन केला, "मिलिंदची बॅग तुमच्याकडं हाय म्हणं, सॅम्पल जमा करा." त्या दिवशी मीच ती बाकावरून उचलून आणली होती. बॅग उघडली. सॅम्पलच्या गुडघ्याखाली हातानं लिहिलेल्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. बॅग जमा केली. चिठ्ठ्या ठेवून घेतल्या.

काल त्याच बाकावर बसलो. शेजारच्या आजीनं लुगडं सारून गुडघा पुढं केला. मी तिच्या हातात चिठ्ठी दिली.

"मला वाचता येत न्हाई लेकरा. तूच वाच."

डॉक्टरांच्या खोलीचं दार उघडंच होतं. मी उभा राहिलो आणि मोठ्यानं वाचलं, "आजी, ह्या डॉक्टरला आमची कंपनी पैसे देते. कापायच्या आधी दुसरीकडं दाखवा. तुमचा, मिलिंद."