कडेने येणाऱ्या गाड्या

दत्ताकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी गाडीचं ऑइल बदलून घ्यायला सर्व्हिस सेंटरमध्ये बसलो होतो. भिंतीवरच्या टीव्हीवर कुणीतरी केक करून दाखवत होतं, कॉफीचं मशीन बंद पडलं होतं आणि काचेपलीकडे माझी गाडी जमिनीपासून पुरुषभर उंच उचललेली दिसत होती. फोन नलूकाकूंचा होता. "मंदार, हे गेले रे," एवढंच म्हणाल्या. सकाळी चहा घेता घेता, आयपॅडवर पुण्याचा पेपर चाळत असताना... हाक मारायलाही वेळ मिळाला नाही. मी उठून काउंटरवरच्या बाईला म्हटलं, गाडी आहे तशी खाली घ्या, मला निघायचंय. ती शांतपणे म्हणाली, जुनं ऑइल काढून झालंय, नवीन भरल्याशिवाय गाडी बाहेर काढता येणार नाही. मी परत खुर्चीत जाऊन बसलो. काका तिथे असते तर त्यांनीही तिचीच बाजू घेतली असती, हे मला ठाऊक होतं.

नॉर्थ कॅरोलिनातल्या आमच्या कॅरी गावात कोथिंबीर आणायलासुद्धा गाडी लागते. मराठी माणूस इथे नोकरीवर येतो तेव्हा आधी अपार्टमेंट शोधतो, मग बँकेत खातं उघडतो आणि मग त्याला कुणीतरी दत्ताकाकांचा नंबर देतं. सेकंडहँड गाडी काकांना दाखवल्याशिवाय घ्यायची नाही, हा इथला अलिखित नियम. मी नागपूरहून आलो तेव्हा मीही तो पाळला. हा किरकोळ बांध्याचा, टोपी घातलेला माणूस विक्रेत्याच्या अंगणात सरळ पाठीवर झोपला, टॉर्च घेऊन गाडीखाली गेला आणि बराच वेळ बाहेरच येईना. विक्रेता बिचारा घाबरून मला विचारू लागला, तुमचे वडील ठीक आहेत ना? शेवटी खालूनच आवाज आला, "घे रे. गंज नाही."

ती गाडी अर्थातच त्या जपानी कंपनीची होती. कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. काकांनी तिची जन्मभर एवढी फुकट जाहिरात केली आहे की त्यात माझी भर नको. गाडी बघायला जाताना वाटेत तिचा इतिहास ऐकावा लागे, त्यातून कुणाची सुटका नव्हती. युद्धात बेचिराख झालेल्या देशातली ही कंपनी. तिने अमेरिकेत पहिल्यांदा गाड्या आणल्या तेव्हा त्या इथल्या चढांवर धापा टाकायच्या आणि लोक हसायचे. कंपनीने मुकाट्याने गाड्या मागे घेतल्या, घरी जाऊन अभ्यास केला आणि काही वर्षांनी पुन्हा आली. मग पेट्रोल महागलं. मोठाल्या गाड्या पोसणं लोकांना परवडेना, आणि काल हसणारे आज रांगेत उभे राहिले. काका हे असं सांगायचे, जणू काही त्यांच्या चुलत्यानेच ती कंपनी काढली होती. रांगेत उभं राहण्यापर्यंत कथा आली की आपलं ठिकाणही आलेलं असे. त्याप्रमाणे ते गाडीचा वेग कमी-जास्त करत असावेत, असा आमचा संशय होता.

या भक्तीला कारण होतं. काका मूळचे चिंचवडचे. तिथल्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीत होते, नंतर इथेही त्याच कामावर लागले. इथला कारखाना गाडीच्या दारांना लागणाऱ्या रबरी पट्ट्या बनवायचा आणि त्या जपानी कंपनीला पुरवायचा. एकदा तयार मालात एका कामगार बाईला बारीकशी चीर दिसली आणि तिने काम थांबवलं. कंपनीची माणसं चौकशीला आली. आता कुणाची तरी खरडपट्टी निघणार म्हणून सगळे खाली मान घालून उभे. पण आलेल्या साहेबांनी विचारलं ते एवढंच की, पहिल्यांदा कुणाला दिसलं? ती बाई पुढे झाली, तेव्हा सगळ्यांसमोर त्यांनी तिचे आभार मानले. "चिंचवडला दोष दाखवणाऱ्याला आधी विचारायचे, तू तेव्हा काय झोपला होतास?" काका सांगायचे. तेव्हापासून त्यांनी घरात एक पद्धत पाडली. चूक दाखवील त्याला चहा. आमच्या ईशाने सात-आठ वर्षांची असताना त्यांना "काका, तुमच्या शर्टाची बटणं वरखाली लागलीयेत" म्हटलं, तर तिच्यासाठीही कपात दोन घोट चहा आला होता. स्नेहा, म्हणजे माझी बायको, त्यावरून माझ्यावरच चिडली होती.

मध्यंतरी त्याच कंपनीने आपल्या पुष्कळ गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. एक भाग सदोष निघाला होता आणि बातम्यांत असं येत होतं की, कंपनीला ते आधीपासून माहीत होतं. मराठी मंडळाच्या पॉटलकमध्ये, म्हणजे घरोघरचे पदार्थ आणून केलेल्या जेवणात, लोकांनी काकांची यथेच्छ फिरकी घेतली. "काय काका, तुमच्या सासरच्यांनी काय करून ठेवलं?" काका एरवी अशा चेष्टेत पुढे. त्या दिवशी मात्र पुलावाची प्लेट हातात घेऊन नुसते बसून राहिले. मला म्हणाले, "भाग खराब निघाला त्याचं काही नाही रे. माणसं बनवतात, चुकणारच. पण माहीत असून बोलले नाहीत..." दुसऱ्या दिवसापासून त्यांनी आपल्या सांगण्यावरून गाडी घेतलेल्या एकेका घरी फोन करायला सुरुवात केली. "माझ्या शब्दावर घेतलीत, तर माझ्या शब्दावर आता दुरुस्तीला न्या." जे टाळाटाळ करत होते त्यांच्याकडे ते स्वतः जाऊन गाडी नेऊन आणत. आमची नेली तेव्हा धुऊनही आणली.

आता मुख्य गोष्टीकडे येतो, जी लिहिताना मला अजून जड जातं. निवृत्त झाल्यावर काका दर रविवारी आमच्या भागातल्या मुलांना मराठी शाळेत न्यायचे. ईशा त्यात होतीच. एका दिवाळीच्या सुमारास लोकांच्या लक्षात येऊ लागलं की काकांचं ड्रायव्हिंग बिघडलंय. ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये चाक फुटपाथवर चढलं. कुणाच्या तरी घरासमोरच्या मेलबॉक्सला गाडीचा आरसा लागला. समोरचं त्यांना उत्तम दिसत होतं; कडेने येणारं दिसत नव्हतं. आणि ते आपल्याला दिसत नाही, हे त्यांना कळत नव्हतं. यावर आमच्या सुशिक्षित मराठी समाजाने काय केलं? काकांना वाईट वाटेल म्हणून लोक त्यांना सोडून सगळ्यांशी बोलले. काकांना गाडी चालवावी लागू नये म्हणून सबबी शोधणं हा एक गृहोद्योगच होऊन बसला. "काका, मी तिकडूनच येतोय, पिक करतो." "काका, नवीन स्पीकर बसवलेत, ऐकायला चला ना यार." एकाने तर पाठ धरली आहे, सोबत हवी, असं सांगून त्यांना आपल्या गाडीत बसवलं आणि मग मंडळाच्या कार्यक्रमात तीन तास खुर्च्या उचलल्या. रविवारची मुलं मात्र काकांच्याच गाडीतून जात राहिली, कारण ते काम कसं काढून घ्यायचं हे कुणाला सुचेना. मी त्या महिन्यांत कामासाठी बहुतेक डॅलसजवळ अर्विंगला असायचो. हे सगळं माझ्या कानावर आलं ते एका रविवारी ईशाच्या तोंडून. जेवता जेवता ती म्हणाली, "बाबा, आज काकांना व्हॅन दिसलीच नाही. आय हॅड टू येल, जोरात ओरडले मी."

स्नेहाने आणखी दोन घरी फोन केले आणि मग कुठे दिवाळीपासूनची सगळी कथा बाहेर आली. मी जेवण अर्धवट टाकून उठलो. "तू कसं सांगणार त्यांना?" स्नेहा म्हणाली. "वडिलांसारखे आहेत तुला." हेच तर अवघड होतं. माझे वडील नागपूरला वारले तेव्हा मी विमानात होतो. त्यानंतर इथे वडीलकीने मला रागावणारा हा एकच माणूस उरला होता. तो तुटला तर काय, ही भीती होतीच. पण ईशाचं ते वाक्य त्याहून जड होतं.

काका गॅरेजमध्ये टायरची हवा तपासत होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं. व्हॅन, मेलबॉक्स, फुटपाथ, सगळं. त्यांनी हवेचं मीटर कपड्याने पुसून जागेवर ठेवलं.

"केव्हापासून?"

"दिवाळीपासून म्हणतात."

"म्हणतात म्हणजे? कुणाकुणाला माहीत आहे?"

"सगळ्यांना, काका."

बाहेर झाडांना नवी पालवी फुटून गेली होती. काकांनी गॅरेजच्या उघड्या दारातून रस्त्याकडे बघितलं. त्यांना माझ्यावर चिडायचं असतं तर ते चिडले असते, त्यांना ते चांगलं जमायचं. पण ते म्हणाले, "दिवाळीपासून मी मुलं नेतोय, मंदार." डोळे गेल्याचं दुःख त्यांच्या आवाजात नव्हतं. एवढे महिने कुणी बोललं नाही, ते त्यांना लागलं होतं. आत जाऊन त्यांनी काकूंना सांगितलं, "याला चहा टाक." मग माझ्यासमोर बसूनच रविवारी येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या घरी फोन लावला. "मला कडेचं दिसत नाही, हे मला आज कळलं. तुमचं मूल माझ्या गाडीत बसत होतं, म्हणून सांगतोय." पलीकडून लोक "नाही हो काका, असं काही नाही" म्हणत असावेत, कारण प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "आहे. आहे तसं."

तपासणीत काचबिंदू निघाला. काकांनी स्वतः जाऊन लायसन्स परत केलं. काही मंडळींनी मला ऐकवलं की म्हातारपणी माणसाचं एवढं मन मोडायची काय गरज होती, हळूहळू झालं असतं. काकांचाही महिनाभर फोन आला नाही. मी रोज वाट बघितली आणि रोज वाईट वाटून घेतलं. मग एके दिवशी फोन आला. ना हॅलो, ना काही. "काल तू शाळेसमोरून गेलास. ब्रेक वाजतायत तुझे. पॅड बदल." मी त्याच दिवशी पॅड बदलून घेतले. त्यानंतरची तीन वर्षं काका प्रवासी म्हणून जगले. काकू गाडी चालवायच्या, फक्त जवळपास. गाडी बघायला जाताना मी काकांना घेऊन जायचो. ते पाठीवर झोपायचे, आणि मी त्यांच्या कडेला उभं राहून कुणी येत नाही ना ते बघायचो.

तेराव्याला, म्हणजे इथे सोयीने पडणाऱ्या शनिवारी, बरीच माणसं आली. त्या दिवशी रस्त्याच्या दोन्ही बाजूंना त्याच कंपनीच्या गाड्या ओळीने उभ्या होत्या, आणि बहुतेकांच्या खाली कधी ना कधी काका झोपून आले होते. पुढे काही आठवड्यांनी काकूंनी मला बोलावलं. गाडी उभी राहून बॅटरी उतरली होती आणि त्यांना देवळात जायचं होतं. मी बॅटरी चार्ज केली, चालवायला बसलो. काकू शेजारी. पहिल्या चौकात वळताना त्या सहज म्हणाल्या, "उजवीकडून निळी व्हॅन येतेय बघ." मला ती दिसलीच होती. पुढच्या वळणावर पुन्हा, "ती पांढरी गाडी, डावीकडची... छान आहे ना?" मग त्या एकदम ओशाळल्या.

"सवय लागली रे," त्या म्हणाल्या. "दिवाळीच्याही आधीपासून. माझ्या लक्षात पहिल्यांदा आलं होतं. यांना कसं सांगायचं म्हणून मी आपली बोलत राहायची. ही गाडी किती सुंदर, तो माणूस किती उंच. म्हणजे मग हे तिकडे मान वळवून बघायचे. रविवारी मी नसायची गाडीत. तेव्हा देवापाशी बसायची, मुलं पोचल्याचा फोन येईपर्यंत."

मी रस्त्याकडे बघत होतो.

"हे शेवटपर्यंत मी यांना सांगितलं नाही. तू सांगून गेलास त्या दिवशी मी आत चहाच करत होते. तेव्हाही नाही." त्या माझ्याकडे वळल्या. "सांगायला हवं होतं ना?"

नाही काकू, असं काही नाही, हे उत्तर तोंडाशी तयार होतं. आम्हा सगळ्यांच्याच ते कायम तयार असतं. पण मी काकांच्या गाडीत बसलो होतो, त्यांच्या जागेवर.

"हो काकू," मी म्हटलं. "हवं होतं."

काकूंनी मान हलवली. डोळे पुसले, पदर सारखा केला, पुढे बघितलं. देवळाच्या रस्त्याला लागायला मी गाडी हळू केली.

"थांब जरा," त्या म्हणाल्या. "डावीकडून ट्रक येतोय."