केबलचं माझ्याकडचं टोक

मी इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनियर आहे, पण मला सोल्डरिंग धड येत नाही. हे तेव्हाच कबूल केलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

बाबांना मात्र ते फार सुरेख यायचं. रेडिओ बनवणाऱ्या कारखान्यात त्यांची उभी हयात जोडणी विभागात गेली. मग बाहेरचा माल यायला लागला, कारखान्याला माणसं जड झाली आणि बाबा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बिबवेवाडीच्या घरी बसले. त्याच सुमारास मला सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. बिल्डिंगमधल्यांचे मिक्सर, टेपरेकॉर्डर बाबा हौसेने दुरुस्त करायचे. मी ऑफिसला निघताना ते खाली मान घालून बसलेले दिसायचे आणि मला त्यांची कीव यायची. कीव! लिहितानाही लाज वाटते.

कंपनीत आम्ही चौघांनी बँड काढला होता. मी गिटार वाजवायचो. कामासाठी अमेरिकेत गेलेल्या मित्राने येताना माझ्यासाठी गिटारचा एक जुना प्रोसेसर आणला, म्हणजे गिटारचे निरनिराळे आवाज काढणारं यंत्र. यंत्र मागे ॲम्प्लिफायरपाशी ठेवायचं आणि आपण पुढे पायाजवळच्या पेडलचं बटण दाबून आवाज बदलायचा. दोघांना जोडते ती मिडी केबल. तिच्यातून गिटारचा आवाज जात नाही, फक्त हुकूम जातात: आता तीन नंबरचा आवाज लाव, आता पाचचा. सोबत आलेली केबल हातभर लांब. स्टेजसाठी सात मीटरची हवी होती आणि तशी पुण्यात कुठेच मिळेना. पण तिचे पाच पिनांचे प्लग जुन्या टेपरेकॉर्डरला असायचे तसलेच होते. ते इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या तपकीर गल्लीत ढिगाने मिळाले. केबल घरीच करायची ठरली.

कंपनीच्या वार्षिक समारंभात आमचा कार्यक्रम होता. बाकीचं सामान आदल्या दिवशीच हॉलवर गेलेलं. त्या सकाळी मी केबल करायला बसलो. पहिला प्लग अर्धा तास खपून जोडला, तेव्हा बाबा मागून म्हणाले, "टोपी?"

प्लगची टोपी आधी वायरीत ओवून ठेवायची असते. एकदा सोल्डरचे टाके मारले की ती मागून घालता येत नाही. मी विसरलो होतो. सगळं उकलून पुन्हा बसलो, तेव्हा बाबांनी दुसरं टोक स्वतःकडे ओढलं.

या प्लगच्या पिना अर्धगोलात असतात आणि त्यांचे नंबर ओळीने नसतात. मिडीला त्यातल्या तीनच लागतात: मधली दोन नंबरची आणि तिच्या दोन बाजूंच्या चार आणि पाच. मी ऑफिसच्या प्रिंटरवर आकृती छापून आणली होती. बाबांनी ती दूर धरून पाहिली.

"हे चित्र प्लगच्या तोंडाकडून काढलंय की पाठीकडून?"

"बाबा, इंटरनेटवरचं आहे. बरोबरच असणार."

"इंटरनेट बरोबरच असेल हो. तू कुठून बघतोयस ते विचारतोय."

मी वायरी सरळ करायला लागलो. त्यांनी आकृती बाजूला ठेवली, भिंग घेतलं आणि प्लगच्या पाठीवर कोरलेले बारीक नंबर वाचून आपलं टोक जोडलं. मी आकृती बघून माझं जोडलं. मग ते मीटर आणायला उठले. त्यांची सवयच होती, मीटर लावून तपासल्याशिवाय कुठलीच वस्तू टेबलावरून हलू द्यायची नाही. "वेळ नाहीये," म्हणून मी केबल गुंडाळली आणि निघालो.

हॉलवर साहेबांच्या भाषणाची तालीम इतकी लांबली की आम्हाला काही लावून बघताच आलं नाही. संध्याकाळी आई-बाबा चौथ्या रांगेत बसले होते. बाबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. पहिलं गाणं संथ सुरू झालं, मग जोरकस तुकडा आला आणि मी पेडल दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. गिटार आपली किणकिणतेच आहे. शेवटी मी झुरळ मारावं तसा पाय आपटायला लागलो आणि पुढच्या रांगांत हशा पिकला. ते गाणं आणि पुढची दोन आम्ही तशीच रेटली.

विंगेत आल्यावर मित्रांनी विचारलं, "झालं काय?" आमचे साहेबही तिथेच उभे होते. खरं तर मला काहीच माहीत नव्हतं. बाबांचा सकाळचा प्रश्न तेवढा आठवत होता. तरी मी म्हणालो, "केबल घरी केलेली. वडिलांनी. त्यांना हौस आहे, पण आता त्यांचा काळ गेला ना."

माझ्या मागे आई-बाबा येऊन उभे राहिले होते.

बाबा पुढे झाले. माझ्याहून लहान पोरांसमोर त्यांनी हात जोडल्यासारखे केले. "माझ्याच हातून चुकलं असणार. सॉरी हां," ते म्हणाले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी गिटार पुसत बसलो.

दुसऱ्या दिवशी ते दोघं एका लग्नाला गेले होते. मी दोन्ही प्लग उघडले. बाबांचं टोक बघत राहावं असं होतं: तीन छोटे, चकचकीत टाके, एकही वायर पिनेबाहेर नाही, सगळं जिथल्या तिथे. माझ्या टोकाला चारची वायर पाचला आणि पाचची चारला. चित्र तोंडाकडून काढलेलं होतं आणि मी ते पाठीकडून वापरलं होतं, म्हणून डावं-उजवं उलटलं. पाच मिनिटांत अदलाबदल केली, पेडल दाबलं आणि आवाज बदलला.

बाबा घरी आले तेव्हा मी वाजवतच होतो.

"चालली?"

"हो. दुरुस्त केली."

"माझं चार-पाच उलटं झालं असणार. चष्म्याचा नंबर वाढलाय बहुतेक."

मी म्हणालो, "असेल."

रागाच्या भरात माणूस काहीबाही बोलून जातो, त्याला निदान माफी मागता येते. हा शब्द मी थंड डोक्याने उच्चारला, सगळं माहीत असताना. नंतर सांगू म्हटलं. सांगायचं राहत गेलं, आणि जितके दिवस गेले तितकं ते जास्त कठीण होत गेलं.

महिन्याभराने वरच्या मजल्यावरच्या काकू इस्त्री घेऊन आल्या. मी पेपर वाचत होतो. बाबांनी इस्त्री हातात घेतली, वायर दोन बोटांत फिरवून पाहिली आणि परत त्यांच्या हातात दिली.

"नको वहिनी. आता मी हात लावत नाही कशाला. माझ्या चुकीने याला चारचौघांत खाली बघायला लागलं. उद्या तुमच्याकडे कुणाला शॉक बसायचा."

काकूंना ते खरं वाटेना. त्या माझ्याकडे बघायला लागल्या, मी काहीतरी बोलेन म्हणून. बाबांनीही माझ्याकडे पाहिलं. चूक माझी होती, बाबांची नव्हती, एवढंच सांगायचं होतं.

"चौकात दुकान आहे काकू," मी म्हणालो. "तिथे द्या."

"हो, तिथेच द्या," बाबा म्हणाले. "नीट करतात ते."