ताईची गाडी घरातच राहील

माझी खोली म्हणजे घराच्या भिंतीला टेकून काढलेली टिनाची खोली. मुळात ती कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, ठेवायची. मी चिखलीच्या कॉलेजात जायला लागलो तेव्हा बाबांनी अर्धं कुटार गोठ्यात हलवलं, एक बल्ब लावला आणि झोपायला बाज टाकली. आमच्या घरातून याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं. कॉलेजात जाणाऱ्याला काय लागतं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. खोली लागत असावी, असा बाबांचा अंदाज होता.

खोलीच्या उरलेल्या भागात बियाण्याची पोती, ताडपत्री आणि उरलंसुरलं कुटार होतं. त्या वासात मी अभ्यास करायचो, आणि मला ती खोली फार आवडायची. हे आधी सांगतो, कारण पुढे जे झालं त्यात ती खोली गेली.

ताई माझ्यापेक्षा मोठी. ती सीमेवर नोकरीला आहे, वर्दीची नोकरी. गेल्या वर्षी तिनं स्वतःच्या पगारातून एक मोटरसायकल घेतली. साधी नाही, लांबच्या प्रवासाची. उंच, रुंद हँडलची, मागे दोन्ही बाजूंना पेट्या. वजन दोन क्विंटलच्या वर. सुट्टी मिळाल्यावर ती त्या गाडीवर एकटी, तीन राज्यं ओलांडून, डोणगावच्या पुढचं आमचं गाव गाठून अंगणात येऊन उभी राहिली. आईनं आधी गाडीला ओवाळलं, मग तिला.

सुट्टी संपता संपता तिची बदली अशा ठिकाणी झाली की गाडी सोबत नेता येणार नव्हती. निदान दोन-तीन वर्षं तरी. गाडी अंगणात उघडी ठेवली तर ऊन-पाऊस आणि उंदीर मिळून तिचा खुळखुळा करणार. गोठा गाईनं आणि कुटारानं भरलेला.

ताई निघायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी अडतवाले काका चहाला आले. गावातली सगळ्यात मोठी जमीन त्यांची, आणि आमचं सोयाबीन विकायला त्यांच्याच अडतीवर जातं. त्यांचं शटरचं गोदाम आमच्या गल्लीच्या तोंडाशीच आहे.

"काऊन टेन्शन घेऊन राह्यले?" ते बाबांना म्हणाले. "आपलं गोदाम काय कामाचं मंग? ठिवून द्या तिथी. माहा पोरगा आठ-पंधरा दिसाले एखादा चक्कर मारत जाईन. बॅटरी उतरत नाई मंग."

"हाव शेठ. बरं होईन," बाबा म्हणाले.

मी ताईकडे पाहिलं. ती कपाकडे पाहत होती. ती सकाळी निघून जाणार होती, पण बाबांना इथंच राहायचं होतं. म्हणून ती नाही म्हणणार नव्हती, हे मला कळलं. आणि मला आमचा फवारणीचा पंप आठवला. जागा नाही म्हणून तोही असाच त्यांच्या गोदामात ठेवला होता. मागायला गेलं की "उद्या ने" किंवा "पोरानं वावरात नेला" हेच उत्तर. आमची फवारणी नेहमी त्यांची झाल्यावर व्हायची. पंप आमचा होता, पण तो मागावा लागायचा. आता ताईची गाडीसुद्धा मागावी लागणार होती, ती आमचीच असून.

मी मोठ्या माणसांच्या बोलण्यात सहसा बोलत नाही. वर्गातसुद्धा उत्तर येत असताना हात वर करायला मला वेळ लागतो. त्या दिवशी आवाज कसा निघाला सांगता येत नाही.

"नाही काका. गाडी घरातच राहील."

"घरात?" काका हसले. "कुठी ठिवशीन बे? डोक्शावर?"

"माझ्या खोलीत."

"त्या कुटाराच्या खोलीत? अबे, तुहं घर लहान अन् गाडी मोठी." मग ते बाबांकडे वळले. "पाहा सकाळी घालून. नाई बसली तं आना गोदामात. शटर उघडंच हाये."

ते गेल्यावर बाबा माझ्यावर चिडले. "तुह्यासाठी खोली केली ना बे मी? अभ्यास कुठी करशीन?"

"ओसरीत."

"अन् नाई बसली तं? त्याइच्या तोंडावर नाई म्हनलं तुनं."

"बसते," मी म्हणालो. खरं तर मी काहीच मोजलेलं नव्हतं.

आईनं मात्र माझ्या बाजूनं कौल दिला, आणि तो असा दिला की त्याच संध्याकाळी खोलीतलं सगळं एका कडेला सारून तिनं जमीन शेणानं सारवून काढली. पोरीची गाडी राहणार तर खोली चांगली दिसली पाहिजे, एवढंच तिच्या मनात. जाडसर थर दिला. आम्हा कुणालाच त्यात काही चूक दिसली नाही.

सकाळी आधी बाज बाहेर काढायची होती, कारण त्याशिवाय गाडीला वळायला जागा नव्हती. दार अरुंद. बाबांनी आणि मी बाज एका कडेवर उभी केली, तिरपी करून दोन पाय बाहेर काढले, मग फिरवून बाकीचे दोन. ताईनं तोवर पेट्या आणि आरसे सोडवले. उंबरठा चांगला चार बोटं उंच. बाबा म्हणाले कापू, आई म्हणाली हात लावायचा नाही. उंबरठा काढला तर विंचू सरळ आत येतात. मग दोन्ही बाजूंनी मातीची पोती लावून उतार केला. गाडी मागून घालायची ठरली, कारण पुढून घातली तर बाहेर काढताना तिला ओढणार कोण?

ताई हँडलला, बाबा आणि मी दोन्ही बाजूंनी. मागचं चाक उतारावर चढलं, उंबरठा ओलांडून आत गेलं, आणि हँडल दाराच्या चौकटीला दोन्हीकडून अडलं. वीतभर रुंद होतं.

काका तोवर चहाचा कप हातात घेऊन समोरच्या ओट्यावर चार माणसांत येऊन बसले होते. "दरवाजा फोडा आता," ते म्हणाले. "नाई तं पोराचं लगन लावा गाडीसंग, तिथीच उभे राहतीन दोघं."

ओट्यावर हशा झाला. बाबांनी हात सोडला. "राहू दे बे. ने गोदामात."

पण मी गाडी सोडली नाही, कारण सोडली असती तर ती पडली असती. मग मला समोर अंगणात पडलेली बाज दिसली.

"बाबा, बाज कशी काढली आता?"

बाबांनी बाजेकडे पाहिलं, मग हँडलकडे. ताईला आधीच कळलं होतं. तिनं हँडल पूर्ण एका बाजूला वळवलं, आम्ही गाडीचं ढुंगण पोत्यांच्या दिशेनं सरकवलं. आधी एक मूठ आत गेली. मग गाडी हळूहळू फिरवत दुसरी. चौकटीचा थोडा रंग गेला. गाडी आत होती.

ताईनं ती मधल्या स्टँडवर चढवली, आणि स्टँडचे दोन्ही पाय सारवणात रुतले. जमीन आतून ओलीच होती. गाडी कलली, सरळ माझ्या अंगावर. मी पोत्यांना पाठ लावून तिला तोलून धरली आणि आईला हाक मारली.

आईनं क्षणभर सारवणाकडे पाहिलं, घरात गेली, आणि कमरेवर तिचा दगडी पाटा घेऊन आली. तिच्या आईकडून मिळालेला, चटणी वाटायचा. बाबांनी आणि ताईनं गाडी उचलली, आईनं पाटा खाली सरकवला. स्टँड पाट्यावर टेकलं. गाडी हलली नाही.

"चटनी कशात वाटशीन?" बाबांनी विचारलं.

"मिक्सरात," आई म्हणाली. "नाई तं वाटनारच नाई."

ओट्यावरून काकांनी विचारलं, "काय झालं? बसली का?"

बाबा दारात गेले. त्यांच्या सदऱ्याला शेण लागलं होतं. "बसली शेठ," ते म्हणाले. ते एवढंच म्हणाले, आणि कालचं "हाव" म्हणाले नाहीत.

"चावी देऊन ठिवा मंग. बॅटरी उतरन."

ताईनं चावी माझ्या हातात दिली. "हा चालू करत जाईल," ती म्हणाली. मला गाडी चालवता येत नव्हती, हे तिला माहीत होतं. काकांनाही माहीत असावं. मी चावी खिशात घातली. दुपारच्या आत ताई जीपनं चिखलीला गेली, तिथून पुढे.

आता मी ओसरीत झोपतो. परीक्षेच्या दिवसांत मात्र खोलीत जाऊन गाडीच्या सीटवर बसतो आणि टाकीवर पुस्तक ठेवतो. दुसरीकडे बसायला जागाच नाही. दर रविवारी दार उघडून गाडी थोडा वेळ चालू ठेवतो. ओट्यावरून कुणीतरी विचारतंच, "निघाले का फिराले?" मी हो म्हणतो.

ताई गेल्यानंतर काही दिवसांनी बाबा गोदामाकडे गेले. मला वाटलं, भाव विचारायला गेले असतील. परत आले ते पाठीवर फवारणीचा पंप अडकवून.

ते खोलीच्या दारात उभे राहिले. आत गाडी, पोती, ताडपत्री. पाय ठेवायला जागा नव्हती.

"इथं नाही बसणार बाबा," मी म्हणालो.

"बसते," ते म्हणाले, आणि पंप तिरपा करून आत शिरले.