बाबलने न दिलेला फोटो

डॉक्टर माझ्या दुकानात कधी येत नसत. नारळ हवे असले की त्यांचा निरोप यायचा आणि मी असोले, म्हणजे सोडणासकटचे नारळ, निवडून त्यांच्या घरी पाठवायचो. त्या दिवशी मात्र ते स्वतः आले, भर उन्हात, डोक्यावर छत्रीसुद्धा नाही, आणि दुकानाच्या फळीला टेकून उभे राहिले. मी कुडाळच्या एका व्यापाऱ्याशी भांडत होतो. तो माझ्या नारळांना नावं ठेवत होता आणि मी त्याच्या डोळ्यांना. डॉक्टर मध्ये बोलले नाहीत. आमचे आवाज खाली येईपर्यंत थांबले आणि मग म्हणाले, “बाबल गेला.” मी व्यापाऱ्याकडे वळलो आणि त्याने सांगितलेला भाव कबूल केला. इतक्या वर्षांच्या धंद्यात समोरच्याचा पहिला भाव मी मान्य केला तो त्या एकदाच. व्यापारीच घाबरला. “शेठ, तुमका बरा नाय काय?” असं विचारू लागला.

बाबल त्याच्या काळोखाच्या खोलीत गेला. घरामागे लाकडं ठेवायची एक खोली होती. तिची खिडकी गोणपाटाने आणि काळ्या कापडाने बुजवून त्याने ती फोटो धुवायला घेतली होती. त्या घरात एकच कायदा होता. खोलीचं दार आतून लागलं की बाहेरून कोणी हात लावायचा नाही, कारण उजेडाचा एक कवडसा आत गेला तरी कागद वाया जातो. त्याची बायको, आमच्या शालूवहिनी, इतक्या वर्षांत हा कायदा देवाच्या सोवळ्यासारखा पाळत आल्या. त्या सकाळीही त्यांनी चहा दाराबाहेर ठेवला, तो थंड झाला म्हणून परत नेऊन तापवला, पुन्हा आणून ठेवला... हाक मारली, तर उत्तर नाही. त्यात नवल नव्हतं. कागद औषधात असला की बाबल मनात आकडे मोजायचा आणि उत्तर द्यायचा नाही. वहिनी उंबऱ्याशी बसून राहिल्या. ऊन डोक्यावर आलं तेव्हा शेजाऱ्यांनी डॉक्टरांना बोलावून कडी मोडली. डॉक्टर म्हणाले, “स्टुलावर बसला होता, भिंतीला डोकं टेकून. दार उघडलं आणि समोरच्या ताटातला कागद आमच्या डोळ्यांदेखत काळा पडत गेला.” कसला कागद होता, असं मी विचारलं. डॉक्टर फळी सोडून तसेच उन्हात निघून गेले.

मी खांदा दिला. ज्याच्याशी माझं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं त्याला खांदा दिला, म्हणून बाजारात कुजबुज झाली. होऊ दे. माझं आणि बाबलचं काय होतं ते बाजाराला ठाऊक नाही. म्हणून हे लिहितो आहे.

आमची ओळख फोटोंची. तेव्हा गोवा अजून पोर्तुगीजांकडे होता आणि मालवणात वीज यायची होती. डॉक्टरांच्या पडवीत महिन्यातून एका रविवारी आम्ही जमत असू. डॉक्टरांकडे दोन भिंगांचा, वरून बघायचा भारी कॅमेरा होता. बाबल बंदरावरच्या कचेरीत कारकून होता. त्याच्याकडे भात्यासारखा उघडमीट होणारा घडीचा कॅमेरा. आणि माझ्याकडे आफ्रिकेहून परतलेल्या एका तारवट्याकडून, म्हणजे खलाशाकडून, घासाघीस करून घेतलेला पेटी कॅमेरा. त्या सौद्यासाठी मी त्याच्या अंगणातून उठून गेलो होतो आणि त्याने मला बांधावरून परत बोलावलं होतं. रविवारी प्रत्येकाने महिन्यातला आपला आवडता फोटो आणून टेबलावर पालथा ठेवायचा. चहा झाला की एकेक उलटायचा. मग कोणी भिंग काय वापरलं, कोणी उजेड कसा ताडला, फिल्म कुणी मुंबईहून आगबोटीने मागवली, याच्या गप्पा दुपारभर चालत. मी शिकलेला नव्हे. पण उजेड बघायला शाळा लागत नाही, आणि त्या टेबलावर मला कोणी कमी लेखलं नाही. बाबलने तर कधीच नाही. टेबलाचा नियमही त्याचाच होता. एकदा ठेवलेला फोटो परत घ्यायचा नाही आणि फाडायचा नाही, कितीही फसलेला असो. “फसलेलो फोटोच खरा सांगता,” असं तो म्हणे.

त्याच्या कॅमेऱ्यावरून मी त्याला पहिल्यापासून बोललो होतो. मुंबईच्या दुकानदाराने जे पुढे केलं ते बाबलने मुकाट घेतलं. डॉक्टरांच्या कॅमेऱ्यात फिल्म पुढे सरकवल्याशिवाय कळ दबतच नसे. बाबलच्या कॅमेऱ्याला हा अटकाव नव्हता. मागच्या तांबड्या काचेतून आकडा बघून फिल्म आपल्या हाताने फिरवायची. विसरलं की एकाच जागी दोन फोटो. “अरे, बदलून घे,” मी सांगितलं. “जमत नसला तर मी तुझ्यावांगडा मुंबैक येतंय, त्या दुकानदाराक मी बघतंय.” बाबल हसला. “माका विसार पडाचो नाय,” म्हणाला.

त्या वर्षी शिमगा झाल्यावर आम्ही तिघे धामापूरला गेलो. भगवतीचं देऊळ आणि तळं. वारा पडलेला होता, झाडाचं पान हलत नव्हतं, आणि तरी तळ्यावर बारीक लाटा उठत होत्या. बाबलला ते विचित्र वाटलं. त्याने फक्त पाण्याचा एक फोटो घेतला, काठ नाही, देऊळ नाही, नुसतं पाणी. परतल्यावर तो आमच्या अंगणात आला. माझा धाकटा भाऊ सदू तिथे काथ्याचे दोर वळत बसला होता. सदू माझ्याहून बराच लहान, मी वाढवलेला. मिशी फुटल्याचा त्याला फार अभिमान. बाबलला बघताच उठून उभा राहिला. “बाबलदा, माझो एक काढा. पण मिशी येवक होयी हां!” बाबलने कळ दाबली. सदूचा जन्मातला तो पहिला फोटो.

पुढच्या रविवारी सदूही माझ्यामागून डॉक्टरांकडे आला, आपला फोटो बघायला. डॉक्टरांनी खाडीत शिडं उतरवून उभ्या असलेल्या पडावांचा फोटो ठेवला होता, मी वाळत घातलेल्या जाळ्यांचा. बाबलने आपला उलटला आणि आम्ही सगळे टेबलावर वाकलो. फोटोभर पाणी होतं आणि पाण्यात सदू उभा होता. त्याचा पांढरा सदरा शाबूत दिसत होता, पण सावळ्या चेहऱ्यातून लाटा आरपार गेल्या होत्या. डोळ्यांच्या जागी पाणी, मिशीच्या जागी पाणी, आणि तरीही तो सदूच होता, ओठांच्या कोपऱ्यात हसणारा. बाबलने कंदिलाच्या तांबड्या उजेडात तो कसा उमटला ते सांगितलं. आधी सदरा आला, मग पाणी आलं, चेहरा सगळ्यात शेवटी वर आला... सांगतानाही त्याचा आवाज हळू झाला होता.

डॉक्टर सावरून म्हणाले, “फिल्म फिरवायची राहिली, दुसरं काय? चेहरा काळसर पडतो, तिथे आधीचं चित्र दिसतं. पांढऱ्यात दिसत नाही.” सदू मात्र खूश. “दादा, मी बरो दिसतंय मां पाण्यात? बाबलदा, ह्याची एक प्रत माका होयी!”

मी उठलो आणि फोटो उचलून मुठीत धरला. “फाड ह्यो! आत्ताच्या आत्ता फाड!”

“टेबलार ठेवललो फोटो फाडूचो नाय,” बाबल म्हणाला.

“माझो भाव आसा तो! दर्यात उभो केलंस तू तेका!”

“अरे, दर्यो न्हय तो. धामापूरचा तळा. गोड्या पाणी आसा.” माझी मूठ त्याने एकेक बोट सोडवून उघडली. फोटोच्या कोपऱ्याला घडी पडली होती. ती त्याने नखाने दाबून सरळ केली आणि फोटो खिशात घातला. मी त्याला काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पण माझा राग संध्याकाळपर्यंत उतरतो, हे मालवणात कोणालाही विचारा. बाबललाही ते ठाऊक होतं.

वैशाख संपत आला तेव्हा मोसमातल्या शेवटच्या फेऱ्यांतल्या एका पडावावर सदू रत्नागिरीकडे माल घेऊन गेला. निघताना समुद्र गुळगुळीत होता, तेल ओतल्यासारखा. वारा नाही आणि किनाऱ्याला मात्र लाट जड येत होती. पडाव हाकण्यात म्हातारे झालेले तांडेल वाळूत उभे राहून तिकडे बघत होते. पडाव पोचला नाही. त्याच्या मागून निघालेले पोचले, पुढून गेलेले परत आले. एक डोलकाठी देवगडकडे लागली म्हणे, पण ती आमच्याच पडावाची हे कोणी छातीठोक सांगेना. माणूस सापडला नाही की त्याचं काही करता येत नाही. रडताही येत नाही. आई रोज ताटात सदूचा भात वाढून झाकून ठेवी.

फोटोची गोष्ट तिच्या कानावर गेली होती. ते पाणी धामापूरच्या तळ्याचं हेही तिला कळलं. त्या तळ्याकडे पूर्वी लग्नाचे दागिने मागायचे, तळं ते द्यायचं आणि लग्न झालं की परत करायचे, ही कथा आमच्याकडे लहान पोरालाही ठाऊक. आई म्हणू लागली, “तळ्यान घेतल्यान आसात, तर तळा परत देतला. माका तो फोटो हाडून दी झिला. माझ्या सदूचा तोंड माका बघूचा आसा.”

मी बाबलकडे गेलो. मी सहसा मागत नाही, सौदा करतो, पण त्या दिवशी मागितलं.

“फाडलंय तो,” बाबल म्हणाला. “तूच सांगललंस.”

“आणि फिल्म?”

“ती पण गेली.”

मी माणसांच्या तोंडाकडे बघून पोट भरलेला माणूस. माल असून नाही म्हणणारा कसा बघतो ते मला कळतं. तो दाराकडे बघत होता, त्या काळोखाच्या खोलीच्या दाराकडे. “बाबल, काय होया ता माग,” मी म्हटलं. “माझो कॅमेरो घे. हात जोडतंय तुका, आवशीसाठी दी.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण मान हलली ती नाहीच म्हणून. त्या दिवसापासून मी डॉक्टरांच्या पडवीत पाऊल टाकलं नाही, आणि बाबल समोरून आला की रस्ता बदलत गेलो. आई वर्षभर मागत राहिली. शेवटी शेवटी तिला सदूचा चेहरा आठवेना. “नाक कसा होता रे तेचा?” असं विचारी. मी सांगायचो आणि ती मान हलवायची, असं नव्हतं म्हणून. ती तशीच गेली.

बाबलचे दिवस झाल्यावर शालूवहिनींनी मला बोलावून घेतलं. काळोखाच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. आता गावात वीज आली आहे. फोटो मोठा करायचं यंत्र बाबलने घरीच बनवलं होतं, ते दिव्यासकट तसंच उभं होतं. वहिनींनी एक पत्र्याचा डबा माझ्यापुढे ठेवला.

“भावजी, तुमका देवचो नाय म्हणान ह्येंनी सांगललो. पण आता सांगणारो खंय आसा?”

डबाभर सदू होता. बाबलने तो फोटो किती वेळा काढला असेल ते मी मोजलं नाही. यंत्रातून पडणाऱ्या उजेडात बोटं धरून, तारेला कापूस गुंडाळून, पुठ्ठे कापून तो पाणी अडवू बघत होता. जिथे उजेड अडवायचा तिथे कागद पांढरा राहतो. पहिल्या काही फोटोंत सदूच्या आजूबाजूचं पाणी गेलं होतं. पुढच्यांत खांद्यांवरचं गेलं. पण चेहऱ्यातलं पाणी बाहेरचं नव्हतंच. ते पुसत जावं तसा सदूही पुसला जात होता. एका फोटोत नुसते डोळे राहिले होते. एकात नुसता सदरा उभा होता, वर काही नाही.

“पाण्यातसून भायर काढलंय की देतलंय, असा म्हणत,” वहिनी म्हणाल्या. “तेच्या आवशीक बुडालेलो झील कसो दाखवू, म्हणत. त्या दिवशी पण ताच चललेला.” म्हणजे ताटातला तो काळा कागद...

डब्याच्या तळाशी पहिला फोटो होता, पडवीतला, कोपऱ्याला माझ्या मुठीची घडी असलेला. मी तेवढाच उचलला. बाकीचे वहिनींकडे राहू दिले.

माझी तक्रार अजून मिटलेली नाही, बाबल, आणि हे वाचणाऱ्यांनाही ते कळू दे. तू मला विचारायला हवं होतंस. मी जन्मभर नारळ असोला घेणारा माणूस, सोलून, निवडून, पुसून दे असं मी कोणाला म्हटलं? पाण्यासकट दिला असतास तर पाण्यासकट घेतला असता. आईने तर दोन्ही हातांनी घेतला असता. तू चांगला माल हातात यावा म्हणून थांबलास आणि गिऱ्हाईक निघून गेलं.

फोटो मी आईच्या खाटेसमोर लावला आहे. हार घातलेला नाही. दुपारी दारातून ऊन येतं आणि काचेवर पडतं, तेव्हा सदूच्या चेहऱ्यातलं पाणी हलल्यासारखं वाटतं. घरातली माणसं घाबरतात. दार लावा म्हणतात. मी लावू देत नाही.