शंभरातलं आमचं जोडपं

मी पालमच्या शाळेत गणित शिकवते. दहावीला संभाव्यता हा धडा दरवर्षी येतो. पिशवीतून लाल चेंडू निघण्याची शक्यता किती, फासा टाकला तर सहा येण्याची किती, हे मी झोपेतसुद्धा सांगू शकते. तरी परभणीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी आमची शक्यता सांगितली, तेव्हा मला ती पुन्हा विचारावी लागली.

टेस्ट ट्यूब बेबीचा आमचा एक प्रयत्न आधीच फसला होता. बाईंनी माझं वय पाहिलं, लग्नाला झालेली वर्षं विचारली, दोघांचे रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले आणि कॉम्प्युटरमध्ये काहीबाही भरलं. मग म्हणाल्या, "तुमच्यासारखी शंभर जोडपी आली, तर एका खेपेला इतक्यांनाच दिवस जातात." आकडा इथे लिहीत नाही. लिहिला की लोक त्यावरच बोलत बसतात. एवढंच सांगते, पस्तीसला पास करणाऱ्या आमच्या शाळेत तो नापास झाला असता. बाई मात्र सरळ होत्या. खोटा धीर दिला नाही. "हा अंदाज आहे, निकाल नाही. पुन्हा करायचं का, ते तुम्ही दोघं ठरवा," म्हणाल्या.

परतीच्या एसटीत गंगाखेड येईपर्यंत नवरा तिकिटाची घडी घालत आणि उलगडत राहिला. मग एकदम म्हणाला, "उगवण कमी हाय, एवढंच ना? मग बी जास्त धरायचं."

त्याचं बियाण्याचं दुकान आहे. घरचं सोयाबीन पेरायच्या आधी आमच्याकडे शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. काही दिवसांनी उघडून कोंब आलेले मोजायचे. कमी आले तर एकरी बी वाढवायचं, म्हणजे रान भरतं. गिऱ्हाइकांना तो हे रोज सांगतो, आणि ते खरंही आहे. त्याला वाटलं, इथेही तसंच. एकदा नाही तर दोनदा, दोनदा नाही तर चारदा, कधीतरी लागेलच.

पण रानाला इंजेक्शनं टोचत नाहीत. पोट माझं सुजत होतं, फळ्याकडे तोंड करून कळ मी दाबत होते. शंभरातला एक दाणा कुजला तर शेतकऱ्याचं काही बिघडत नाही. आमच्याकडे तर दाणा एकच होता. हे त्याला तिथेच सांगायचं होतं. पण हिशोब सुटल्यासारखा तो खिडकीबाहेर बघत बसला होता, चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी हसू होतं. खांद्याला खांदा लागलेला माणूस इतका लांब असू शकतो, हे मला त्या बसमध्ये कळलं.

घरी पोचताच सासूबाईंनी विचारलं, "काय म्हणल्या डॉक्टरीणबाई?"

"होतंय म्हणल्या," याने चप्पल काढता काढता ठोकून दिलं. "जरा दमानं घ्यावं लागंल."

सासूबाईंनी देवापुढे साखर ठेवली आणि तीच वाटायला शेजारी गेल्या. बातमीला पाय फुटायला कितीसा वेळ लागतो! दुसऱ्या दिवशी नळावर बायका माझ्या हातातली घागर काढून घ्यायला लागल्या. "जड उचलू नका, मॅडम." अजून कशाचा पत्ता नाही, आणि गल्लीने मला गरोदर करून टाकलं होतं. राग आला, हसूही आलं. मग घरात येऊन मोरीत उभी राहून रडले. खरं काय ते गावात दोघांनाच माहीत होतं, आणि त्यातल्या एकाने ते ऐकूनही ऐकलं नव्हतं.

त्या आठवड्यात त्याने अंगणात गोणपाट उघडलं. कोंब आलेले दाणे एकीकडे, न आलेले एकीकडे करत होता. मी जवळ जाऊन म्हणाले, "मी आता पुन्हा जाणार नाही."

त्याचा हात थांबला. "शक्यता हाय म्हणल्या की त्या."

"आहे. पण माझ्यात दम उरला नाही."

मला वाटलं, भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं, निदान एकमेकांशी बोललो तरी असतो. पण तो म्हणाला, "बरं. तुजं आंग, तू म्हनशील तसं. पर आईला तूच सांग. मला न्हाई जमायचं." आणि मोजलेले दाणे विसरून पुन्हा पहिल्यापासून मोजायला बसला.

मी आत गेले. सासूबाई जमिनीवर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांचं जुनं, धुऊन धुऊन मऊ पडलेलं लुगडं फाडून त्यांनी चौकोनी घड्या घातल्या होत्या. दुपटं शिवायला काढलं होतं. हातभर लांबीचं.

"बरी आलीस," त्या म्हणाल्या. "दोरा ववून दे गं, मला दिसंना झालंय."

मी समोर बसले. सांगायचं ते ओठांपर्यंत आलं होतं. दोरा ओवला. खाली गाठ मारायची राहिली होती, तीही मारून दिली.