लाल धाग्याचा डबा

करुणाची आणि माझी शेवटची भेट दवाखान्यात झाली. नर्स ताप बघून गेली आणि जाता जाता म्हणाली, अड़तीस है. मी घाबरले. मला माणसाचा ताप शंभराच्या आसपासचा माहीत. अडतीस म्हणजे अंग थंडच पडलं की काय असं वाटून मी तिचे तळपाय चोळायला लागले. हसायलाही तिला त्रास होत होता, तरी ती हसली. म्हणाली, "वैनी, कोणत्या थर्मामीटरचं अडतीस, ते आधी विचारत जा न..." मग दम घेत घेत तिनंच समजावलं की इथलं माप वेगळं असतं, त्यात अडतीस म्हणजे थोडासाच ताप. त्यानंतर काही दिवसांनी सकाळी तिच्या मुलीचा, सुजाताचा फोन आला. "मामी, मम्मी नहीं रही." एवढंच बोलली. पोरीला मराठी सगळं समजतं, पण तोंडात हिंदीच येते. मी हातातलं पीठ तसंच ठेवून ओट्याला टेकून उभी राहिले.

करुणा माझी नणंद. भिवापूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन मी रायपूरला आले तेव्हा ती फ्रॉक घालत होती. मामंजी रेल्वेत होते. आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, सगळेच आमच्यासारखे, विदर्भातून नोकरीसाठी आलेले. मी चौथी शिकलेली, त्यात नवीन ठिकाण आणि बाहेर सगळी हिंदी. दारावर कोणी आलं की मी आत जायची आणि करुणा पुढे. ती अभ्यास करायची तो माझ्या स्वयंपाकघरात, भिंतीला टेकून, मोठ्यानं वाचून. मला ऐकवायला नाही, तिला तशी सवयच होती. पण त्यामुळे माझ्याही कानावर पुष्कळ काही पडलं. कॉलेज झाल्यावर तिनं चौबे कॉलोनीत कॉम्प्युटरचा क्लास लावला. संध्याकाळी येऊन सांगायची की कॉम्प्युटरला स्वतःचं डोकं नसतं, आपण सांगू तेवढंच तो करतो. मी म्हणायची, मग तो माझ्यासारखाच. ती चिडायची. "असं नको म्हणू," म्हणायची, "तू विचारतेस तरी."

राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, रस्त्यानं लाल दिव्याच्या गाड्या फिरायला लागल्या. त्याच दिवसांत करुणाला शहराबाहेर उरला नावाच्या भागातल्या एका लोखंडाच्या कारखान्यात कॉम्प्युटरची नोकरी लागली. मामंजींना ते पसंत नव्हतं. उरला म्हणजे ट्रक, धूळ, पाळीवर येणारे पुरुष, आणि त्यांत आपली एकटी मुलगी. पुष्कळ बोलणी झाली, ती रडली नाही, पण जेवली पण नाही. शेवटी मामंजींनी एक अट घातली. नोकरी पक्की झाली तर ठीक, नाही झाली तर पुन्हा नाव काढायचं नाही, घरी बसायचं आणि स्थळं पाहायची. ती कबूल झाली. रोज बसमधून येऊन आधी न्हाणीत जायची, आणि तिच्या केसांतून काळं पाणी निघायचं.

त्या कारखान्यात जर्मनीहून एक मशीन आली होती. लोखंडाचा तुकडा त्यात ठेवला की त्यात काय काय मिसळलंय ते ती सांगायची, आणि ते आकडे आपोआप कॉम्प्युटरमध्ये जायचे. आता करुणानं मला सांगितलं होतं तसं लिहिते. मशीन जे पाठवते तो आकडा नसतोच, ती नुसती अक्षरं असतात. त्यांचा आकडा करायला कॉम्प्युटरला शिकवावं लागतं. आपण पाव टक्का लिहिताना टिंब देतो, ०.२५. जर्मनीत टिंबाच्या जागी कॉमा देतात, ०,२५. आपला कॉमा मात्र हजार आणि लाख वेगळे दाखवायला असतो. कारखान्यातला जुना प्रोग्रॅम ट्रक तोलणाऱ्या धरमकाट्यासाठी केलेला होता. त्याला शिकवलेलं होतं की कॉमा दिसला की पुसून टाक. तसा त्यानं मशीनचाही कॉमा पुसला, आणि ०,२४ चे झाले चोवीस. मॅनेजर कागद घेऊन करुणाच्या टेबलाशी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "चौबीस परसेंट कार्बन? मैडम, ये लोहा है कि कोयला?" सगळी लॅब हसली. हे सांगताना करुणाही हसली होती, पण तिचे कान लाल झाले होते.

मॅनेजरचं म्हणणं साधं होतं. कॉमा पुसू नको, त्याचं टिंब कर, उद्यापर्यंत काम मिटव. पण मग धरमकाट्याचं काय? तिथून १२,४८० किलो येतं, त्याचं टिंब केलं तर भरलेला ट्रक बारा किलोचा होतो. करुणानं तसं सांगितलं तर तो म्हणाला की दीदी, तुम्ही फार विचार करता, बारा किलोचा ट्रक दिसला तर माणूस बघून घेईल. ती म्हणाली, ट्रकचं दिसेल साहेब, पण १,२५० असं काही आलं, जे सव्वा म्हणूनही आणि साडेबाराशे म्हणूनही खरं वाटेल, तर कोणालाच दिसणार नाही. आणि तिनं नाही म्हटलं. थोडे दिवस द्या, नीट करते, म्हणाली. तो म्हणाला, थोडे दिवस नाहीत, आणि तुमच्या पक्क्या होण्याचा कागद माझ्याच टेबलावर आहे.

त्या संध्याकाळी घरी सगळ्यांचे चेहरे उतरले होते. आमच्या घरचे, म्हणजे करुणाचे दादा, म्हणाले, कर ना ते म्हणतात तसं, काय बिघडते. मामंजी खाटेवर बसले होते. ते रागावले नव्हते, त्यांच्या मनासारखंच होत होतं, आणि त्याची तिला जास्त भीती. एका कॉमासाठी साहेबाशी काहून भांडून राहिली, एवढंच त्यांनी विचारलं. करुणा उठून स्वयंपाकघरात आली. माझ्याकडे तिखटाचे दोन डबे असायचे, आजही आहेत. एक गोल बाज़ारातलं तिखट, रंगाला चांगलं, चवीला सौम्य. दुसरं माझ्या माहेरचं भिवापुरी, जाळ. दिसायला दोन्ही लालच, म्हणून माहेरच्या डब्याला मी लाल धागा बांधून ठेवायची. तिनं एका ताटलीत दोन्हीतलं एकेक चमचा तिखट काढलं आणि मामंजींसमोर धरलं.

"बाबा, हे एक चमचा वरणात टाकलं तर?"

"चालते न."

"अन् हे, वैनीच्या माहेरचं?"

मामंजी म्हणाले, "जीव घेते का आता म्हाताऱ्याचा?"

"चमचा तर एकच हाय, बाबा. मग कॉम्प्युटरनं नुसता चमचाच पाहावा का? कोणत्या डब्यातलं, हे त्यानं विचारू नये?"

मामंजींनी ताटली हातात घेतली. रेल्वेत त्यांनी जन्मभर सिग्नलचं काम केलं होतं. कोणत्या लाइनीचा सिग्नल, हे न बघता गाडी सोडायची नाही, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. मग म्हणाले, "उद्या मी येतो तुझ्यासोबत बसपर्यंत. नोकरी गेली तर जाऊ दे. चुकीचं करून पक्की नको होऊ." ... मी भाकरी उलटायची विसरले होते.

नोकरी गेली नाही. मॅनेजर चरफडला, पण ते काम जाणणारं दुसरं कोणी तिथं नव्हतं. तिनं असं केलं की प्रत्येक आकड्यासोबत तो कुठून आला हेही आलं पाहिजे. जर्मन मशीनचा असेल तर कॉमा म्हणजे टिंब, धरमकाट्याचा असेल तर कॉमा म्हणजे हजार. आणि काही जुळत नसेल तर प्रोग्रॅमनं अंदाज करायचा नाही, थांबायचं आणि विचारायचं. काय विचारायचं ते ती माझ्या स्वयंपाकघरात बसून ठरवत होती. आधी लिहिलं होतं, संख्या का स्रोत बताएँ. मला वाचायला लावलं. मी वाचलं, पण स्रोत मला समजलं नाही, आणि तसं मी सांगितलं. तिनं तो कागद फाडला. पाळीवर येणाऱ्या माणसालाही ते समजलं पाहिजे, म्हणाली. मग लिहिलं, "यह नंबर कहाँ से आया?" विचारलं, "आता?" मी म्हटलं, हव, आता समजलं.

मॅनेजर पुढे चिडवायचा की तुमचा कॉम्प्युटर काम कमी करतो, पूछता ज़्यादा है. मग काही महिन्यांनी बाहेरचा मिस्त्री मशीन दुरुस्त करून गेला आणि जाताना तिची सेटिंग बदलून गेला. आता मशीन कॉमाऐवजी टिंब पाठवायला लागली. कोणाच्याच लक्षात आलं नसतं. पण प्रोग्रॅम पहिल्याच आकड्याला थांबला आणि त्यानं करुणाचा प्रश्न विचारला. भट्टीवरचा माल चुकीचा ठरता ठरता वाचला. त्या दिवशी मॅनेजर पुन्हा तिच्या टेबलाशी आला, पुन्हा सगळ्यांसमोर, आणि लॅबच्या लोकांना म्हणाला, "मैडम का कंप्यूटर पूछता है, तो पूछने दो." तिच्या पक्क्या होण्याचा कागद त्याच्या हातात होता. तो कागद मामंजींनी पाऱ्यात दाखवला. ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही दाखवला.

पुढे तिचं लग्न झालं, सुजाता झाली, मामंजी गेले. तिच्या हाताखाली पुष्कळ मुलं-मुली शिकली. ती गेल्यावर पुण्यानुमोदनाला, तिच्या स्मरणासाठी सगळे जमले, त्या दिवशी कारखान्यातले लोक आले होते, त्यांनी मला आणि सुजाताला उरल्याला बोलावलं. मी नाहीच म्हणणार होते. एवढ्या वर्षांत मी कधी तिथे गेले नव्हते. पण गेले, डोक्यावर पदर घेऊन, सुजाताच्या मागे मागे. ती जर्मन मशीन केव्हाच मोडीत निघाली आहे, कॉम्प्युटर बदलले, करुणाचा प्रोग्रॅमही नव्यानं लिहून झाला. तिथे बसलेल्या मुलीनं आम्हाला दाखवायला मुद्दाम एक वेडावाकडा आकडा टाकला. पडदा थांबला आणि त्यावर अक्षरं आली. ती मुलगी वाचून दाखवणार होती, मी हातानंच तिला थांबवलं आणि स्वतः वाचलं. यह नंबर कहाँ से आया? ... बाकी सगळं बदललं, हे आम्ही नाही बदललं, ती मुलगी म्हणाली. मला तिला सांगावंसं वाटलं की स्रोत मी काढायला लावलं होतं.

परवा सुजाता आली होती. आज मैं बनाती हूँ, म्हणाली आणि वरणाला फोडणी द्यायला उभी राहिली. भिवापुरी डब्याचा धागा धुऊन धुऊन पांढरा पडला होता, तिच्या हाती लागण्याआधी बदलावा म्हणून मी नवा लाल धागा शोधत होते. तो सापडेपर्यंत तिनं डबा उघडला होता. चमचा आत गेला, पण तिनं तो भरला नाही. डबा तसाच हातात धरून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "मामी, हे कुठलं आहे?"